विळ्याचा मान

नर्सबाई आल्या की आधी हात बघायच्या.

"कडूबाई, हात दाखवा," असं त्यांनी म्हटलं की पाथरटाकळीच्या चावडीसमोर, लिंबाखाली, कडूबाई आपले दोन्ही हात आधी पालथे आणि मग उताणे करून धरायची. पन्नाशी उलटलेल्या बाईनं शाळेतल्या पोरीसारखी नखं दाखवायची, तीही चार माणसं विड्या ओढत बसलेली असताना. या हातांनी निम्मं गाव जगात ओढून आणलं होतं. विड्या ओढणाऱ्यांतले तिघे तर तिच्याच हातचे, आणि तेच तोंड फिरवून हसत होते. कडूबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण हात ती दाखवायची.

हात बघून झाले की नर्सबाई पत्र्याची पेटी उघडायच्या. आत कात्री, पांढरा दोरा, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, साबणाची वडी, एक वही आणि पेन्सिल. आज त्यांनी साबणाची वडी उचलून बोटांनी मापली.

"ही फारशी झिजली नाही."

"बाळंतपनंच झाली न्हाईत, तर झिजंल कशी?"

"तीन महिन्यांत एकही नाही? या एवढ्या गावात?"

कडूबाईनं वडी घेऊन पेटीत ठेवली. बाळंतपणं झाली होती, तीनच्या वर झाली होती. पण बायकांनी तिला बोलावलं नव्हतं. आपापल्या सासवांनी, जावांनी कोंडून घेऊन उरकली होती. का, ते गावाला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

नर्सबाईंचं नाव दमयंती. शेवगावच्या दवाखान्यात लोकल बोर्डानं नेमलेल्या बामणाच्या विधवा बाई. कपाळ मोकळं, पातळ पांढरं, बोलणं सरळ आणि जरा करडं. चौदा गावं माझ्याकडे आणि पाय दोनच, असं त्या म्हणायच्या. म्हणून गेल्या साली त्यांनी गावोगावच्या सुइणी शेवगावला बोलावून पंधरा दिवस शिकवलं आणि प्रत्येकीला पेटी दिली. कात्री उकळायची, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, नाळेला शेण-राख काही लावायचं नाही. कडूबाईला अक्षर येत नव्हतं म्हणून वहीतल्या खुणा ठरवून दिल्या. मुलगा झाला तर उभी रेघ, मुलगी झाली तर आडवी. मूल महिन्याच्या आत गेलं तर रेघेवर फुली.

नर्सबाईंनी वही उघडली. नऊ रेघा होत्या. एकीवरही फुली नव्हती.

"आणि तुमच्या सुनेचं? श्रावणातलं?"

"ते घरचं," कडूबाई म्हणाली. "घरचं कशाला लिवायचं?"

नर्सबाईंनी वही मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कात्री उकळली होती ना तुम्ही?"

"उकळली हुती."

हे खरं होतं. बाकीचं तिनं सांगितलं नाही.

"हे बघा कडूबाई, बोर्डाचं पत्र आलंय. फाल्गुनापर्यंत या वह्यांत काही दिसलं नाही, तर या भागात गरज नाही असं धरतील. मला नगरला परत बोलावतील आणि ह्या पेट्याही जमा होतील. मग बाई अडली तर सहा कोस गाडीतून शेवगावला न्यायची, आणि तिथेही तिला बघायला बाई नसेल. समजतंय का?"

कडूबाईला समजत होतं. पण हात बघणाऱ्या, साबण मापणाऱ्या बाईवर भरवसा ठेवावा कसा, तेही तिला कळत नव्हतं. त्या गेल्यावर तिनं पेटी लुगड्याच्या पदराखाली घेतली आणि मान खाली घालून मांगवाड्याची वाट धरली.

गावाचा राग पेटीवर नव्हता, वहीवर होता. लढाईचे दिवस. बाजरी खळ्यावरून घरात यायच्या आत लेव्हीचा, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचा, कारकून मापं घेऊन दारात उभा राहायचा. घरात खाणारी तोंडं किती हे सरकार का लिहून घेतंय, याच्यावर पारावर रोज नवी बातमी निघे. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती. मूल झालं की पाचव्या दिवशी सटवाई येते. पाटा पुजतात, नाळ कापलेला विळा त्याच्यावर मांडतात, शेजारी कोरा कागद आणि टाक ठेवतात, आणि सटवाई त्यावर मुलाचं नशीब लिहून जाते. ही कडूबाई तर पाचवीच्या आधीच, पहिल्याच दिवशी, वहीत रेघ ओढून मोकळी. सटवाईच्या आधी हात घालणारी ही कोण? आठ मुलं जगली तोवर हे नुसतं बोलणं होतं. श्रावणात खुद्द कडूबाईचा नातू आठव्या दिवशी दातखीळ बसून, कमान होऊन गेला, तेव्हा बोलण्याला पुरावा मिळाला.

घरी छबू दोरासाठी घायपाताचा वाख पिंजत बसली होती. छबू म्हणजे कडूबाईची सून, विशीतली. नवरा पुंजाराम कारखान्याच्या उसात गेलेला. दोघी सासू-सुना मिळून दोर वळायच्या आणि पोट भरायच्या. छबूनं वाख पुरवायचा, कडूबाईनं पीळ भरत मागं मागं सरकायचं. श्रावणापासून छबू कामापुरतं बोलायची, पण सासूवर तिचा राग नव्हता. राग होता तो पेटीवर. झोपडीत पेटी ठेवलेल्या कोपऱ्याला ती पाठ करून झोपायची.

"काय म्हनल्या बाई?"

"काय म्हननार. साबन मापला."

"ती कात्री फेकून द्या म्हनते मी, आत्याबाई."

कडूबाईनं दोराला असा पीळ दिला की छबूच्या हातातला वाख सुटून गेला. छबूला वाटलं, सासू नातवाच्या आठवणीनं रागावली. तसं नव्हतं. कडूबाईला श्रावणातली ती दुपार आठवली होती.

त्या दुपारी तिनं सगळं नर्सबाईंनी सांगितलं तसं केलं होतं. कात्री उकळली, हात धुतले, दोरा बांधला, नाळ कापली. बांधताना आपली नेहमीची गाठ घातली, दोराच्या शेवटाला मारतात ती, उलटा फास, जी ओढली तर घट्टच होते. छबू ग्लानीत होती. मूल रडत होतं, गुलाबी होतं, हुबेहूब पुंजाराम. आणि मग कडूबाईची नजर कुडाला खोचलेल्या विळ्याकडे गेली. तो तिच्या आईचा विळा. तीस वर्षं त्यानं नाळा कापल्या होत्या, आणि पेटी आल्यापासून तो नुसतं गवत कापत होता. परक्यांच्या आठ लेकरांना तिनं कात्री लावली तेव्हा काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या नातवाच्या वेळी मात्र काळजात चर्र झालं. सटवाई विळा ओळखते. कात्री नाही ओळखली तर? तिनं विळा काढला, पदराला पुसला आणि गाठीच्या वरचा नाळेचा बोटभर शेंडा विळ्यानं कापून टाकला. तेवढाच मान. कोणी पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी मूल गेलं. नवव्या दिवशी वही उघडून कडूबाई एकटी बसली होती. विळ्याच्या काळात दहांतली दोन-तीन जायचीच. सटवाईनं नेलं म्हणायचे आणि पुढच्या पाळण्याची तयारी करायचे. कोणी मोजलंच नव्हतं. आता मोजलं होतं. आठ लेकरांना नुसती कात्री, आठही रांगायला लागलेली. एकाला विळा. तिला अक्षर येत नव्हतं, पण एवढं वाचता आलं. पुढं भाद्रपदात अडल्या वेळी एकीनं बोलावलं, तीही मुलगी नुसत्या कात्रीवर जगली, ती नववी रेघ. नातवाची रेघ मात्र कडूबाईच्या हातून ओढवली नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी गहिनीनाथ पाटील स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि तिथूनच हाक मारली. त्याची बायको चांगुणा कालपासून अडली होती. त्याच्या आईनं, बनुबाईनं, सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी कडूबाईचं नाव घेतलं होतं.

"पर ती वही नगं आणू म्हनली आई," गहिनीनाथ म्हणाला.

"पेटी आननार," कडूबाई म्हणाली. "वही घरी ऱ्हाईल."

छबू पाण्याचं बघायला बरोबर गेली. पाटलाच्या वाड्यात बाळंतिणीची खोली सोडून मांगाच्या बाईला जागा नव्हती, आणि तीही बारा दिवसांपुरती. तेराव्या दिवशी जमीन सारवायची आणि मग पुन्हा उंबऱ्याबाहेर. बनुबाईनं छबूच्या हातातल्या पातेल्यात वरून पाणी ओतलं, शिंतोडा आपल्यावर उडू नये म्हणून मागं सरून. कडूबाईनं कात्री त्यात टाकली आणि चूल फुंकली. बनुबाई दारात हाताची घडी घालून उभी होती. उकळणाऱ्या पाण्याकडे ती अशी बघत होती, जसं काही कडूबाई तिच्याच घरात तिच्यासमोर करणी करतेय.

मूल पायाळू होतं. दोन तास कडूबाईच्या कपाळावरून घाम गळत होता. चांगुणानं तिच्या दंडाला नखं रुतवली. दुपार कलताना मुलगा झाला, निळा पडलेला, आणि दोन चापट्यांनंतर रडला. कडूबाईनं बोटभर नाळ राखून उलटा फास घातला, कात्री लावली आणि बनुबाईकडे बघून म्हणाली, "याला काय बी लावू नगा. राख न्हाई, हळद न्हाई. मी रोज येते आंघुळीला."

"बरं," बनुबाई म्हणाली.

ते बरं कडूबाईला आवडलं नाही. वाटेत ती छबूला म्हणाली, "पाटलीन लई लवकर बरं म्हनली."

दुसऱ्या दिवशी बनुबाईनं दारातूनच परत लावलं, मूल झोपलंय म्हणून. तिसऱ्या दिवशी कडूबाई हटली नाही. छबूनं कढत पाण्याचं भगुलं आत नेलं. कडूबाईनं पाय लांब करून मूल पायांवर घेतलं, तेलाचा हात पोटावरून फिरवला आणि थांबली.

गाठ तिची नव्हती.

दोरा तोच होता, पेटीतला पांढरा. पण वर साधी, बोचकं बांधायची गाठ होती. आणि बोटभर राखलेली नाळ आता निम्मी होती, टोक ताजं. जन्मभर दोर वळणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातची गाठ दाखवावी लागत नाही.

तिनं खोलीभर नजर फिरवली. चांगुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या उशाला, गोधडीखालून, विळ्याची मूठ दिसत होती.

"पाटलीनबाय," कडूबाई म्हणाली, "नाळंला कुनी हात लावला?"

"कुनी लावनार?"

"ही गाठ माझी न्हाई."

बनुबाईनं आधी कानांवर हात ठेवले. मग तिचा चेहरा कठीण झाला. "लावला मी. काल लावला. पाचवीला इळा काय मांडायचा, नाळ न कापलेला? सटवाई इचारंल, माझा मान कुटं हाय, तवा तू येशील का सांगायला? तू तुझ्या घरात कात्री लावलीस, मान दिला न्हाईस, आन तुझा नातू आठव्या दिवशी गेला. साऱ्या गावानं बघितलं. माझ्या नातवाचं तसं हुऊ देऊ व्हय मी?"

छबू भगुलं धरून तिथंच उभी होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि तिनं ते खाली ठेवलं नाही. सासूनं आता या बाईला उत्तर द्यावं असं तिच्या डोळ्यांत होतं.

कडूबाईला दोन वाटा स्वच्छ दिसल्या. गप्प बसलं तर छबू तिची राहील. गाव म्हणेल तेच खरं ठरेल, विळे पुन्हा बाहेर निघतील, पेटी जमा होईल, आणि हे पायांवरचं पोर पाच-सात दिवसांत कमान होईल. आणि बोललं तर? तिला छबूकडे बघवलं नाही. ती मुलाच्या पोटाकडेच बघत राहिली.

"माझ्या नातवाला इळाच लागला हुता," ती म्हणाली.

"काय?"

"कात्रीनं कापली, आन मंग मी इळा लावला. मान दिला. जसा तुमी दिला तसाच, शेंडा कापून. कुनाला सांगितलं न्हाई. नर्सबाईला न्हाई, पुंजारामाला न्हाई. नऊ लेकरं निस्त्या कात्रीची, नऊ जित्ती हाईत, मोजून घ्या. येक इळ्याचं. त्ये गेलं. सटवाईनं न्हाई नेलं पाटलीनबाय, मी घालवलं."

भगुलं खाली आदळलं नाही. छबूनं ते हळूच, नीट जमिनीवर ठेवलं आणि ती बाहेर निघून गेली. कडूबाईला ते हळूच ठेवणं सहन झालं नाही. आदळलं असतं तर बरं झालं असतं.

बनुबाई मटकन खाली बसली. कोणतीही बाई स्वतःवर असलं खोटं घेत नाही, एवढं तिला कळत होतं. "आता काय करायचं?" ती म्हणाली, आणि तो पाटलिणीचा आवाज नव्हता.

"गाडी जुपायची. आत्ता."

कडूबाईनं कात्री पुन्हा उकळली, दोरा उकळला, उरलेल्या नाळेचं टोक साफ करून आपली गाठ घातली. गहिनीनाथनं बैल जुंपले. चांगुणा, मूल आणि बनुबाई गाडीत, आणि कडूबाई गाडीमागं चालत. मुलाला बघायला तिला जवळ राहायचं होतं, पण गाडीत बस असं कोणी म्हटलं नाही. नदीच्या वाळूपर्यंत असंच चाललं. तिथं चाकं रुतली, मूल रडू लागलं आणि बनुबाईला ते आवरेना, तेव्हा ती म्हणाली, "कडू, वर ये. त्याला घे." कडूबाई वर चढली आणि मुलाला मांडीवर घेऊन बसली. छबू बरोबर नव्हती. निघताना ती लिंबाखाली उभी दिसली होती.

शेवगावला डॉक्टरांनी धनुर्वाताची सुई दिली आणि म्हणाले, लवकर आणलंत, आता आठवडाभर बघायचं. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कडूबाईनं त्यांनाही सांगितलं, नातवाचंही. त्यांनी हात दाखवा म्हटलं नाही.

"मी साबण मापत बसले," त्या म्हणाल्या. "विळ्याचं काय केलंत हे एकदाही विचारलं नाही मी."

पाचवा दिवस दवाखान्याच्या ओसरीतच आला. बनुबाईनं फरशीवर एक दगड मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि कावरीबावरी होऊन इकडंतिकडं बघू लागली. कागद नव्हता. नर्सबाईंनी आपल्या वहीतलं कोरं पान फाडून दिलं आणि पेन्सिल दिली. विळा मांडायचा तर तोही मांडा म्हणाल्या, फक्त पोरापासून लांब.

"आन तुमची रेघ?" बनुबाईनं डोळे बारीक करून विचारलं.

"माझी रेघ उद्या. आधी सटवाईला लिहू दे. यापुढे सगळ्याच वह्यांत पाचवी झाल्यावर लिहायचं."

बनुबाईला हे पटलं की नाही, तिच्या तोंडावरून कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, ओढली का.

आठवा दिवस गेला, नववा गेला. मूल दूध ओढत होतं. दहाव्या दिवशी गाडी परत निघाली. तिची वही घरीच होती, म्हणून निघण्याआधी कडूबाईनं नर्सबाईंकडून नवी वही मागून घेतली आणि पहिलं पान उघडलं. आधी पाटलाच्या नातवाची उभी रेघ. तिच्या खाली आणखी एक उभी रेघ, आणि तिच्यावर फुली. फुली ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

घरी छबू होती. माहेरी गेली असेल अशी कडूबाईनं मनाची तयारी केली होती, पण ती होती, वाख पिंजत. कडूबाई उंबऱ्यात बसली. छबूनं तिला पाणी दिलं आणि पुन्हा कामाला बसली. कुडाला खोचलेला विळा दिसत नव्हता.

"इळा कुटं हाय?"

"हिरीत."

यापुढं महिनाभर घरात दोर वळला जात होता, भाकरी होत होत्या, आणि बोलणं नव्हतं. छबू वाख पुरवायची, पण सासूच्या तोंडाकडे बघायची नाही. कडूबाईला वाटायचं, हिनं शिव्या द्याव्यात, दोर तोंडावर फेकून मारावा. छबूनं तसं काही केलं नाही. एकदा फक्त तिनं दोराच्या शेवटाला उलटा फास घातला, ओढून पाहिला, सोडवला आणि पुन्हा घातला.

पौषात कोष्ट्याच्या आळीतून बोलावणं आलं. वही घेऊन या, असं मुद्दाम सांगितलेलं. पेटी कडूबाई उचलायच्या आत छबूनं उचलली. आता पेटी तिच्याकडे, मग आपण कशाला, असं वाटून कडूबाई जागीच उभी राहिली.

"चला," छबू म्हणाली.

कोष्ट्याच्या घराशी पोचल्या तेव्हा दारात पाच-सहा बायका गोळा झाल्या होत्या. आतून कण्हणं ऐकू येत होतं. कडूबाई उंबरा ओलांडणार, तेवढ्यात छबू आडवी झाली.

"आत्याबाई, हात दावा."

बायका बघत राहिल्या. कडूबाईनं दोन्ही हात पुढं केले, पालथे, मग उताणे. छबूनं ते आपल्या हातात घेऊन नखानखाखाली बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिनं सासूच्या अंगाला हात लावला होता.

"आता वटी झाडा."

कडूबाईचे डोळे भरून आले, पण ती मान खाली न घालता उभी राहिली. तिनं कमरेचं खोचलेलं लुगडं सोडलं, सगळ्यांसमोर झटकलं, पदर झटकला. चुन्याची डबी पडली, सुपारीचा तुकडा पडला. विळा, पातं, असलं काही पडलं नाही. छबूनं खाली वाकून नीट बघितलं आणि मग बाजूला झाली.

"जावा आत," ती म्हणाली. "पानी ठिवते मी."